सरळ करून आणलेला कागद

ईट गावाला लग्न होऊन आले तेव्हा माझी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोम्याची फाइल सासरच्यांनी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. ठेवली ती ठेवलीच. नवऱ्याचं चौकात ऑनलाइन कामांचं केंद्र होतं. सातबारा, रहिवासी दाखला, पीकविम्याचे अर्ज असलं सगळं तिथं निघायचं. सासऱ्यांची घरामागं खव्याची भट्टी. माझ्या वाट्याला दूध गाळणं आणि आल्यागेल्याचा चहा. शिकलेली सून केली हे मात्र पाहुण्यारावळ्यांत सांगायला कुणी विसरत नसे.

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते. लिहिताना 'तो' म्हणणार आहे. तेवढं तरी मला करू द्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांचा खवा आमच्या भागात नावाजलेला. गॅसवर कढई, कढईत मोटरीवर फिरणारं पातं, त्यामुळं ढवळायचा त्रास नव्हता. पण कढई कधी उतरवायची हे बघायचं काम डोळ्यांचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं आणि मामांना वाफेतलं नीट दिसेना. दोनदा खवा खाली लागला. दुसऱ्या वेळी मामा कढईसमोर नुसते बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत.

त्यांच्याशेजारी बसून दूध ओतताना माझ्या कानांनी एक गोष्ट टिपली. खवा घट्ट होत आला की मोटरीचा आवाज जड होतो. आवाज जड होतो म्हणजे मोटर जास्त करंट ओढते. करंट ओढते तर तो मोजता येतो, आणि ठरावीक आकडा आला की भोंगा वाजवता येतो. हे सगळं माझ्या डोक्यात एका दुपारी बसलं. लग्नानंतर पहिल्यांदा मला वाटलं की आपलं डोकं अजून जागेवर आहे.

आता सर्किट बोर्ड पाहिजे. असे बोर्ड पुण्याला फाइल पाठवून करून मिळतात, पण मला कोण मागवू देतंय? मी केंद्रातला लेझर प्रिंटर धरला. ह्या प्रिंटरची काळी पावडर म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच. सर्किटच्या रेघा गुळगुळीत कागदावर छापायच्या, कागद तांब्याच्या पत्र्यावर पालथा घालायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. पावडर तांब्याला चिकटते. मग पाण्यात भिजवून बोटानं कागद चोळून काढायचा आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायचा. उघडं तांबं विरघळून जातं, पावडरीखालचं राहतं. एकच गोष्ट सांभाळायची. कागदावर सगळं आरशातल्यासारखं उलटं आलं पाहिजे, म्हणजे पालथं घातल्यावर तांब्यावर सुलटं उमटतं.

पहिले चार बोर्ड वाया गेले. एकदा इस्त्री जास्त तापली आणि रेघा पसरल्या. एकदा कागद घाईनं ओढला आणि निम्म्या रेघा त्याच्यासंगं निघून आल्या. रिफिल केलेल्या पावडरीनं छाप फिका यायचा. बोटं महिनाभर पिवळी पडली होती, हळदकार्य असल्यासारखी. नवरा म्हणायचा, "टोनर संपवाय लागलीस माजा. दाखले काय कोळशानं छापू का?" मी ऐकून घ्यायची आणि गिऱ्हाईक नसताना पुन्हा एक कागद काढायची.

पाचवा बोर्ड चालला. दिसायला भिकारडा होता, एक तुटलेली रेघ मी तारेनं सांधली होती, पण खवा तयार झाला त्या मिनिटाला भोंगा वाजला. मामांनी कढई उतरवली, खवा बोटावर घेतला, चाखला. "पोरी, तुज्या हाताला गुण हाय," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

पुढं दोन महिने एकदाही खवा लागला नाही. गावात कळायला वेळ लागला नाही. शेजारच्या वस्तीवरचे दोघं भट्टी बघायला आले, तेव्हा नवरा केंद्र बंद करून खास घरी आला. "म्या केलंय," म्हणाला. "लई डोकं लावलं. सोपं न्हाय ते." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. मामांनी कढईत नजर घातली आणि वर बघितलंच नाही. नवऱ्याचं मला नवल वाटलं नाही. मामांचं वाईट वाटलं.

रात्रीपर्यंत थांबले नाही मी. पाहुणे वळणावर दिसेनासे झाले तसं विचारलं, "बोर्ड मी केला म्हणायला तुमची जीभ झडत होती का?"

"बाईनं केलंय म्हणल्यावर कोण इस्वास ठिवंल?" तो म्हणाला. "घरचंच हाय की सगळं. तुजं काय आन् माजं काय."

मला दागिना नको होता, दुकान नको होतं. चार लोकांत एकदा, फक्त एकदा, हे हिनं केलंय असं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी किती झुरले हे आता लिहितानाही लाज वाटते.

मग त्यानं ठरवलं, आसपासचे सगळे खवा करणारे एका सकाळी बोलवायचे आणि त्यांच्यासमोर भट्टी चालवून दाखवायची. पण तो तारेनं सांधलेला बोर्ड लोकांपुढं नको. नवा, नीटस, डबीत बसवलेला पाहिजे, आणि त्यावर तांब्याच्या अक्षरांत त्याचं नाव पाहिजे. मी मुकाट्यानं नाव टाकलं. माझ्या सर्किटच्या कोपऱ्यात त्याचं नाव, माझ्याच बोटांनी टाइप केलेलं. करंट मोजायचा सुटा भाग नवीन यायला आठ दिवस लागले असते, म्हणून जुन्या बोर्डावरचे भाग सोल्डर वितळवून काढले. मामांचा चालता बोर्ड मोडला, असं म्हणा सरळ.

त्या दिवशी दूध जास्त आलं होतं, मला केंद्रात जाता आलं नाही. फाइल मोबाइलवर पाठवली. दुपारी तो जेवायला आला तो कागद फडकवतच.

"प्रिंट काढली तर माजं नाव उलटं. सगळंच उलटं! सरळ करून आणलंय बघ. उलट्या नावाचा कागद माज्या केंद्रातनं कदी भाईर पडला न्हाय."

खोटं नव्हतं ते. नावातली एक वेलांटी चुकली तरी तो दाखला फाडून दुसरा काढायचा. लोक त्यासाठीच त्याच्याकडं यायचे. मी कागद हातात घेतला. नाव स्वच्छ, सुलटं वाचता येत होतं. म्हणजे तांब्यावर सगळं उलटं उमटणार. चिपचे पाय एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जाणार आणि भोंगा वाजणारच नाही.

"अहो, हे..." मी सुरुवात केली.

"छपाईतलं तू मला शिकवू नगंस," तो म्हणाला आणि ताटावर बसला.

त्याला वाढलं. नंतर इस्त्री तापवली आणि तोच कागद पत्र्यावर पालथा घातला. छाप इतका सुंदर आला की काय सांगू, एक रेघ तुटली नाही. अजूनही निभावलं असतं. चिप तांब्याच्या बाजूनं बसवली असती तर उलट्याचं सुलट होऊन सगळं जुळून आलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ती नेहमीसारखी मागच्या बाजूनं बसवली. डबीचे चारही स्क्रू आवळले. चालवून बघितलं का, असं त्यानं विचारलं, तेव्हा हो म्हणाले.

सकाळी पंधरा-वीस माणसं जमली. नवऱ्यानं भाषण केलं, त्यात सहा वेळा 'मी' आलं, म्हणजे त्याचं 'मी'. मोटर सुरू झाली. दूध आटलं, आवाज जड झाला. एक म्हातारे खवेवाले म्हणाले, "आलाय की खवा. उतरवा."

"हात लावू नगा," नवरा म्हणाला. "मशीन सांगंल."

मामा कढईपासून दोन हात लांब, हाताची घडी घालून उभे होते. सवयीप्रमाणं पुढं वाकलेही नाहीत. त्यांचा त्या भोंग्यावर विश्वास होता. मी दारात होते. दोन पावलं टाकून गॅस बंद करता आला असता. मी टाकली नाहीत. आधी वास आला, मग कडेनं खवा तपकिरी झाला. मामांनी धावत जाऊन कढई उतरवली तोवर सगळं गेलं होतं. डबीतून जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता.

कुणीतरी हसलं. नवऱ्याचा चेहरा काळवंडला. त्यानं माझ्याकडं हात केला आणि मोठ्यानं म्हणाला, "हिनं केलंय ते. मला काय कळतंय त्यातलं?"

वीस माणसांनी वळून माझ्याकडं बघितलं.

लोक गेल्यावर नवरा केंद्रात निघून गेला. मामांनी डबी उघडली, बोर्ड बाहेर काढला, पालथा केला आणि उजेडाला डोळ्यांजवळ धरला. पोराचं नाव त्यांना वाचता येतं. बराच वेळ त्यांची बोटं त्या अक्षरांवरून उजवीकडून डावीकडं सरकत राहिली.

"हे नाव उलटं हाय की गं," ते म्हणाले. "तुला दिसलं न्हाय व्हय?"

"नाही मामा," मी म्हणाले. "नाही दिसलं."

ते माझ्याकडं बघत राहिले, त्या अंधुक डोळ्यांनी. मग बोर्ड माझ्या हातात दिला आणि कढई खरवडायला बसले.