खंडेनवमीची बंदूक

माझ्या मुलीला शाळेच्या वादविवाद स्पर्धेत विषय मिळाला: राष्ट्रीय उद्यानांत पर्यटकांना बंदूक बाळगू द्यावी की नाही. तिच्या वाट्याला ‘द्यावी’ ही बाजू आली. दुबईत अल बर्शाला आठव्या मजल्यावर राहणाऱ्या आणि बाल्कनीत कबूतर आलं तरी किंचाळणाऱ्या मुलीने जंगलात बंदूक हवी म्हणून भांडायचं, याचं मला हसूच आलं. पण ती जिद्दी आहे. कुठल्या देशात काय नियम, अस्वलं माणसांवर कधी धावून जातात, असं काय काय शोधून तिने कार्डं लिहिली आणि ती मोठ्याने म्हणत घरभर फिरायला लागली.

नेमके तेव्हा माझे वडील आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. बाबा वनपाल म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी विदर्भातल्या जंगलात काढली, त्यातली बरीच वर्षं एका राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशनाक्यावर. घरात असा माणूस बसलेला असताना इंटरनेट कशाला धुंडाळतेस, असं मीच तिला म्हणाले. हे मीच सुरू केलं, तेव्हा तक्रार करायला मला जागा नाही.

बाबा मात्र टाळत राहिले. पहिल्या दिवशी म्हणाले, डोळ्यांत औषध घातलंय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, फिरायला जायचंय. एरवी हाच माणूस सोफ्यावर बसून, पंजाच्या ठशावरून वाघ की वाघीण हे तासभर समजावतो. मला वाटलं, नातीचं इंग्रजी त्यांना झेपत नसेल. मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात एचआर सांभाळते. माणसं प्रश्न कसे चुकवतात हे बघणं माझं रोजचं काम, आणि स्वतःच्या बापाचं मला कळलं नाही.

शनिवारी सकाळी तिने त्यांना डायनिंग टेबलाशी गाठलंच. मी शेजारी बसून मेथी निवडत होते.

“आजोबा, सपोज रेंजर दोन तास लांब आहे आणि बेअर अंगावर आलं. देन व्हॉट? पीपल शुड बी एबल टू प्रोटेक्ट देमसेल्व्ह्ज, ना?”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “मुद्दा बरोबर आहे तुझा. भीती खोटी नसते. मी नुसती काठी घेऊन फिरलोय तिथे.”

“मग तुमच्या गेटवर रूल काय होता?”

“बंदूक नाक्यावर जमा करायची. वहीत नोंद करायची, पावती द्यायची. परत जाताना पावती दाखवली की बंदूक द्यायची.”

“एव्हरी टाइम? कोणीच रूल मोडला नाही?”

“मोडला,” बाबा म्हणाले. “मी.”

मग त्यांनी सांगितलं. मी बारा वर्षांची असतानाची गोष्ट. खंडेनवमी होती. नाक्यावर दरवर्षीसारखी पूजा मांडली होती. जीप, कुऱ्हाडी, कोयते, काठ्या, सगळ्यांना झेंडूच्या माळा. एका वरच्या साहेबांचे पाहुणे गाडी घेऊन आले. त्यांच्याजवळ परवान्याची बंदूक होती. तीही पूजेत ठेवू का, असं त्यांनी विचारलं. बाबांना फार बरं वाटलं. त्यांनी जागा करून दिली, स्वतःच्या हाताने हळदकुंकू वाहिलं. पूजा आटोपल्यावर पाहुण्यांनी बंदूक उचलून गाडीत ठेवली आणि बाबांनी ती जमा करून घेतली नाही.

“का पण?” मी विचारलं.

“पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी कोणी चालवत नाही. आपल्याकडे शिवणाच्या मशिनीलासुद्धा हात लावत नाहीत. कुंकू लावलेली बंदूक कोण झाडेल, असं वाटलं मला. आणि साहेबांच्या पाहुण्याकडून ती काढून घ्यायला जीभही उचलेना. दोन्ही खरं आहे.”

त्याच दुपारी त्यांनी एका वनमजुराला प्रसाद देऊन पुढच्या चौकीवर पाठवलं. पायवाटेने तासाभराचं अंतर. एरवी कुऱ्हाड खांद्यावर टाकल्याशिवाय तो जंगलात शिरत नसे, पण त्या दिवशी कुऱ्हाड पूजेत होती, म्हणून रिकामाच गेला. पाहुण्यांची गाडी एका वळणावर थांबली होती. झुडपात काहीतरी हललं आणि पाहुण्यांना ते अस्वल वाटलं.

“वाईट माणूस नव्हता तो,” बाबा नातीला म्हणाले. “घाबरला होता. बंदूक नसती तर त्याने गाडीची काच वर केली असती.”

त्या मजुराचं मरण मला ठाऊक होतं. आमच्या क्वार्टर्समध्ये तेव्हा सगळे म्हणायचे, तो फासे लावायला चोरून जंगलात शिरला होता आणि चुकून गोळी लागली. पुढे बाबांनी त्याच्या बायकोला विश्रामगृहात स्वयंपाकाच्या कामाला लावून दिलं. दर दिवाळीला ती आमच्या घरी येऊन बाबांच्या पाया पडायची, अजूनही पडते; माझ्या मुलीनेही ते पाहिलंय. आपले वडील केवढ्या मोठ्या मनाचे, असं मी कॉलेजात मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे.

“फासे बिसे काही नव्हते,” बाबा म्हणाले. “चौकशीत मी लिहून दिलं की बंदूक मला दिसली नाही आणि त्याला मी कुठे पाठवलंही नव्हतं. फाशांचं लोकांनी जोडलं. मी जोडू दिलं. प्रसादाची पुडी त्याच्या हातातच होती. गोळीचा आवाज ऐकून मीच आधी धावलो, आणि बाकीचे पोचायच्या आत ती काढून मी खिशात घातली.”

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला, दुःख मागाहून. त्यात आणखी एक गोची होती. ती नोकरी टिकली म्हणून मी शिकले, पुण्याला गेले, इथवर आले. मग ओरडायचं कोणत्या तोंडाने?

म्हणून मी वेगळंच बोलले. “बाबा, खलास. झालं ते झालं. तीस वर्षांनी आता कोणाला काय फरक पडतोय?” आणि मुलीकडे वळून म्हणाले, “हे तू स्पर्धेत बोलायचं नाहीस, समजलं?” बोलून गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. बाबांनी जे केलं तेच मी करत होते, आणि मला तर नोकरीचीही भीती नव्हती.

मुलीने माझ्याकडे पाहिलंही नाही. “आजोबा, डज शी नो? दिवाळीला येणाऱ्या त्या आजींना माहीत आहे?”

बाबांनी नकारार्थी मान हलवली. “दरवर्षी ठरवतो, आज सांगायचं. ती पायाशी वाकते आणि माझं तोंड उघडत नाही.”

“देन कॉल हर. फोनवर शी कान्ट टच युअर फीट.”

पंधरा वर्षांच्या मुलीने हे साध्या आवाजात सांगितलं. बाबांनी खिशातून फोन नंबरांची छोटी डायरी काढून माझ्यापुढे सरकवली.

मी माझ्या मोबाइलवरून फोन लावला. बाबांनी स्पीकर चालू ठेवायला सांगितलं. पलीकडे तिने आधी त्यांची तब्येत विचारली, दुबईत ऊन किती तापतं ते विचारलं. बाबांनी तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. पूजा, बंदूक, चौकशीतला जबाब, पुडी, काहीच गाळलं नाही. मी मध्ये पडले नाही.

फोन कट झाला की काय, म्हणून मी स्क्रीन बघितली.

“प्रसाद घेऊन चालले होते ते?” तिने विचारलं.

“हो. मीच पाठवलं होतं.”

“फासे नव्हते?”

“नव्हते.”

ती रडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

“मले सांगून काय होते आता, साहेब,” ती म्हणाली. “माह्या पोराले सांगा. तो बापाचा फोटो लावू नाही देत घरात.”

तिने मुलाचा नंबर सांगितला. तो मी लिहून घेतला आणि त्यांना न विचारता लगेच फोन लावला.