बिराप्पाच्या हाताचा गुण

कुपवाडच्या एमआयडीसीत उदयसिंहांचा वजनकाटा आहे. ट्रक काट्यावर चढतो आणि केबिनमधला जुनाट कम्प्युटर वजनाची पावती काढतो. हा कम्प्युटर सकाळी कधी चालू व्हायचा, कधी अजिबात दाद द्यायचा नाही. काट्याचा प्रोग्राम नव्या मशीनवर चालत नव्हता, म्हणून सगळे त्याचे नखरे सोसत. बिराप्पाच्या हातानं मात्र तो रोज उठायचा.

बिराप्पा जत भागातला. बापजादे मेंढरं राखत आले, हा काट्यावर ऑपरेटर झाला. माझं वेल्डिंगचं शेड काट्याला लागूनच, त्यामुळे त्याचं सोवळं मी रोज बघायचो. आला की मेन स्विच टाकायचा, सीपीयूला बिरोबाचा भंडारा लावायचा, उदबत्ती ओवाळायचा. मग बाहेर बाकड्यावर बसून बशीतनं सावकाश चहा. त्यानंतर आत जाऊन बटण दाबायचा आणि आमच्याकडे असा बघायचा, जणू कम्प्युटर त्यानंच जन्माला घातलाय.

दुसऱ्या कुणी बटण दाबलं की ढिम्म. मग वायर काढ, परत लाव, थापट मार. बाहेर ट्रकवाल्यांच्या शिव्या. त्यामुळं बिराप्पाला रजा म्हणून नाही. थोरल्या नातीच्या बारशालाही तो गेला नव्हता. आता शिराळ्याला धाकट्या नातवाचं जावळ ठरलं आणि लेकीनं, राणीनं, फोनवर बजावलं, "आबा, ह्या खेपंला न्हाई आलासा तर पुन्यांदा येऊच नगा."

बिराप्पानं रजा मागितली. उदयसिंहांची मुलगी उत्कर्षा आता धंदा बघते. तिनं मिरजेच्या मुजीबला बोलावलं. त्यानं रॅम काढून पुसली, धूळ उडवली, आतला सेल बदलला. दुसऱ्या सकाळी उत्कर्षानं बटण दाबलं, पुन्हा ढिम्म. मग मुजीब एक दिवस सकाळीच आला आणि बिराप्पाचं सगळं साग्रसंगीत बघत नुसता बसून राहिला. मशीन चालू झालं तसा तो हसायला लागला.

"मामा, आतला पावर सप्लाय म्हातारा झालाय. रातभर मेन बंद, सकाळी लाईट लावल्यावर त्याला ताकद धरायला वेळ लागतो. तुमी चहा पिता तवर तो तयार हुतो. बाकीचे लगेच बटन दाबत्यात, वर वायर काढत्यात. मग कसा उठंल?"

"मंजी माझ्या हाताचा गुण न्हवं?"

"चहाचा हाय, मामा."

बिराप्पा कपबशी विसळायला गेला आणि बराच वेळ विसळतच राहिला. मला वाटलं, आता हा मुजीबला बाजूला घेऊन गप्प बसायला सांगणार. पण आला आणि म्हणाला, "बदल बाबा. नातवाच्या जावळाला जायाचं हाय."

मुजीबनं पावर सप्लाय बदलला. बिराप्पा नवा सदरा घालून शिराळ्याच्या एसटीत बसला.

जावळाच्या दिवशी सकाळी त्याचा मला फोन आला. मागं पोराचं रडणं ऐकू येत होतं.

"काटा चालू झाला का रं?"

"झाला की. उत्कर्षाताईंनी आल्या आल्या लावला."

"उदबत्ती?"

"न्हाई लावली कुनी."

"बरं," तो म्हणाला. मला त्याची कीव आली, आणि थोडा रागही आला. इतकी वर्षं रजेसाठी रडलास, मग आता पोराला मांडीवर घे की! तसं म्हणालोही. त्यानं फोन ठेवला.

दुपारी पुन्हा त्याचाच फोन.

"आरं, मधीच लाईट गेली आन परत आली, तर?"

"तर परत बटन दाबायचं, बिराप्पा."

"व्हय," तो म्हणाला. "तेबी खरंच."