सहा साखळ्या बारा आणे

रंगूबाईचा हात किती लांब आहे हे नाशिकच्या फुलबाजारात बऱ्याच जणांना ठाऊक होतं. खरा हात चोवीस बोटांचा. रंगूबाईचा कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत बावीसच बोटं भरायचा. म्हणून माळ मोजताना दर हाताला ती दोन बोटं जास्त सोडायची. "देवानं मला आखूड केलं, त्यात गिऱ्हाइकाचा काय गुन्हा?" म्हणायची. शाळेत गेली होती दीड वर्ष, तेही धाकट्या भावाला कडेवर घेऊन.

पंचाण्णव सालच्या सुमाराला सातपूरच्या एका कारखान्यानं खंडेनवमीचं तोरण सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, फाटक दहा मीटर आहे. रंगूबाईचा मीटरशी कधी संबंध आला नव्हता. ती सरळ कापडाच्या दुकानात गेली, मीटरपट्टी मागून घेतली आणि तिच्यावर बोटं ठेवत ठेवत मोजून आली. मीटर म्हणजे दोन हात साडेचार बोटं. दहा मीटर म्हणजे बावीस हाताला तीन बोटं कमी. तोरण फाटकाला असं चपखल बसलं की पुढं दरवर्षी ते तिच्याकडंच आलं. त्या दहा मीटर मापाची सुतळी मग घरात खुंटीलाच टांगलेली असायची.

बावीस हाताशी तिची ओळख मात्र जुनी होती. तिचे सासरे धोंडीराम सांगत, "जमिनीची साखळी बावीस हाताची. फुटात सांगायची तर तेहतीस फूट. आणि तिचे आणे सोळा." रंगूबाई तेव्हा नवी नवरी होती. सासरे विहीर खणत होते आणि ती डोक्यावर मातीची पाटी घेऊन वर चढत होती. ऐकलेलं ते डोक्यातच राहिलं.

दोन हजार तीन साली तिच्या चुलत दिरानं, सहादूनं, तिच्या शेताशेजारचा आपला तुकडा प्लॉट पाडणाऱ्या एका शेठला विकला. विकला तर विकला, त्याची जमीन. पण शेठनं मोजायला आपला पगारी माणूस पाठवला. ललित त्याचं नाव. गळ्यात मोबाइल, डोळ्यावर काळा चष्मा. रंगूबाई बाजारातून परत येते तो काय, चुना फासलेली खुंटी तिच्या विहिरीच्या अलीकडं ठोकलेली! विहीर पलीकडं, शेठच्या हद्दीत. सून सुवर्णा बांधावर रडवेली उभी.

"आजी, इथं अंगठा द्या," ललित कागद पुढं करत म्हणाला. "हद्द ठरली. सोमवारी विहीर बुजवायला जेसीबी येईल."

"अंगठा तुझ्या शेठचा घे. मी सही करते," रंगूबाई म्हणाली. "आणि विहीर कुणाची बुजवतोस रे? माझ्या डोक्याचे केस गेलेत त्या विहिरीची माती वाहून!"

"कागदावरच आहे, आजी. तुमच्याच घरचं वाटणीपत्र. रस्त्याकडच्या दगडापासून तुमची सहा पूर्णांक बारा साखळी. गुणिले तेहतीस. त्याचे मीटर एकसष्ट पूर्णांक छप्पन. कॉम्प्युटरवर काढलंय."

"सुवर्णा, तू वाच ग. काय लिवलंय?"

सुवर्णानं डोळे पुसले. "सहा, मग आडवी रेघ, मग बारा."

"पूर्णांक कुठं हाय त्यात? सहा साखळ्या बारा आणे हायेत ते! बारा आणे म्हंजे किती?"

"बारा," ललित म्हणाला.

"बारा काय, कपाळ! बारा आणे म्हंजे पाऊण."

"आजी, आणे पैशाचे असतात. ही लांबी आहे."

"सोळा आण्याचा रुपया, तशी सोळा आण्याची साखळी. तुझ्या आज्याला विचार!"

रंगूबाईचा संताप संताप झाला. ज्याला आणा म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यानं आण्यात लिहिलेली जमीन मोजावी आणि वर दुसऱ्याची विहीर बुजवायला निघावं! पण त्याहून जास्त राग तिला सहादूचा आला. तो कडुनिंबाखाली उभा राहून स्वतःच्या चपला न्याहाळत होता.

"भावजी, चपला पळून नाय जात. इकडं बघा. बारा आण्याचं तिकीट काढून तमाशे बघितलेत तुम्ही. तवा दारावर पाऊण रुपया दिला का बारा पैसे?"

"आता वहिनी, कॉम्प्युटर म्हणतोय तर..."

"कॉम्प्युटरनं तमाशा बघितलाय व्हय?"

सुवर्णाला रडताना हसू फुटलं. रंगूबाई मात्र हसली नाही. "सुवर्णा, भावजींच्या वाटणीला काय लिवलंय?"

"तीन, रेघ, चार. आणि खाली, दोन्ही मिळून दहा साखळ्या."

"झालं तर. साहेब, आता पलीकडच्या दगडापासून इकडं मोज. तीन पूर्णांक चार. तुझ्याच हिशेबानं मोज."

"त्याची गरज नाही, आजी. तुमचं सोडून उरलं ते त्यांचं."

"उरलं ते कसं त्यांचं? मोज म्हंते ना!"

ललितनं कुरकुरत टेप धरली. पलीकडच्या दगडापासून मोजत तो आला आणि थांबला. चुन्याची खुंटी अजून बरीच पुढं होती. रंगूबाईनं पदर खोचला, खाली बसली आणि मधली जागा आपल्या हातानं मोजत निघाली. दर हाताला दोन बोटं जास्त टाकत.

"साडेधा हात," ती उठत म्हणाली. "ही माझ्यात नाय, भावजींच्यात नाय. मग कुणाची? कॉम्प्युटरची का?"

ललितनं चष्मा काढला. कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, पुन्हा केली. दहा काही येईनात.

"सुवर्णा, तोरणाची सुतळी आण. आणि भावजी, दुसरं टोक तुम्ही धरायचं."

सहादूनं मुकाट टोक धरलं. रस्त्याकडच्या दगडापासून सहा सुतळ्या, दर सुतळीला तीन बोटं वर. मग रंगूबाईनं सुतळीची चौघडी केली, तिच्यातले तीन भाग धरले, वर दोन बोटं आणि थोडं वाढवलं. इतकं नेमकं तिनं धरलं. टोक जिथं टेकलं तिथं विहीर सबंध मागं राहिली होती. तिथून पलीकडच्या दगडापर्यंत, तशीच बोटं वाढवत, तीन सुतळ्या आणि चौघडीतला एक भाग. दगडाला टेकलं.

"बारा आणि चार किती झाले, साहेब?"

"सोळा," ललित हळूच म्हणाला. "एक साखळी. चुकलं, आजी."

"चुकलं! सोमवारी विहीर बुजल्यावर म्हणाला असतास तर मी काय त्या शब्दाचं पाणी प्याले असते?"

चुन्याची खुंटी तिनं त्याच्याच हातानं उपटायला लावली. खरी हद्द ठोकून झाल्यावर त्यानं नवा कागद केला. सुवर्णानं वाचून दाखवला. त्यात पुन्हा आकडेच होते.

"आकडे नकोत," रंगूबाई म्हणाली. "उद्या तुझ्यासारखा आणखी एखादा येईल. अक्षरात लिव. पावणेसात साखळ्या, विहिरीसकट."

त्यानं तसं लिहिलं. मग तिनं गुडघ्यावर कागद ठेवून सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. दुसरी सही सहादूची घेतली, आणि तोवर दोघांनाही बांधावरून हलू दिलं नाही. चहा सुवर्णानं दिला. रंगूबाईनं विचारलासुद्धा नाही.