मातीत पिळलेलं दूध

आज लसीकरणाहून आल्यापासून जेवण जात नाहीये. कुणाला तरी सांगावं म्हणून लिहितेय.

मी नर्स आहे. सकाळी मोहोळजवळच्या एका गावात होते. इंजेक्शन दिल्यावर बाळ रडायला लागलं, म्हणून त्याच्या आईला म्हटलं, जरा पाजा. तिने आधी थोडं दूध मातीत पिळून टाकलं, मग बाळाला घेतलं.

उन्हातून आल्यावर बायका असं करतातच, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. तीच म्हणाली, "द्राक्षाच्या बागेतनं आले की. फवारणी चालू हाय. पहिल्या दुधातनं औषध निघून जातं न्हवं, सिस्टर?"

तसं निघून जात नाही. अंगात गेलेलं थोडंफार सगळ्याच दुधात उतरतं.

मी म्हटलं, "पाजणं मात्र सोडू नका, बाळाला तेच चांगलं. फवारणीच्या वेळी बागेपासून लांब राहा."

"कुटं जाऊ? आमचं घर बागेतच हाय."

मी पुढच्या बाळाचं कार्ड हातात घेतलं.

संध्याकाळी सोलापुरात घरी आले. कपड्यांना त्या फवारणीचा वास होता. माझी तान्ही लेक भुकेजली होती. तिला घेण्याआधी मीही थोडं दूध बेसिनमध्ये पिळून टाकलं.

उपयोग नाही हे माहीत असून.

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?