पायाच्या ऑपरेशनआधी नाकाचं मलम

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. त्यांच्या नाकातल्या चमकीपायी एक ऑपरेशन अडून राहिलं होतं. ते का अडलं, हे मला तेव्हा नीट कळलं नाही. आता तरी कळलंय का, कोण जाणे. पण क्रमाने लिहून पाहते.

भूकंपात निलंग्याकडचं त्यांचं घर पडलं. यजमान गेले. अक्का ढिगाऱ्याखालून निघाल्या त्या बेशुद्ध, मांडीचं हाड मोडलेल्या. लातूरच्या दवाखान्यात हाडात सळई घातली. बांगड्या फुटल्याच होत्या, मंगळसूत्र मातीत गेलं होतं. नवरा गेल्यावर बाईच्या अंगावरचं उतरवतात ते उतरवायला भावकीतलं कुणी जागेवर नव्हतं. चमकी तेवढी राहिली. पुढे जखम पिकली, सळई काढावी लागली, पाय आखूड झाला. अक्का आमच्याकडे लातूरला राहू लागल्या. चमकीचा विषय कुणी काढला नाही.

बऱ्याच वर्षांनी खुब्याचा सांधा पार झिजला. धरल्याशिवाय त्यांना संडासलाही जाता येईना. नांदेडच्या डॉक्टरांनी सांधा बदलू म्हणून सांगितलं, पण आधीची जखम पिकलेली ऐकून ते सावध झाले. म्हणाले, आधी नाक तपासू.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

कापसाची काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरवून तपासायला पाठवली आणि जंतू निघाले. तिथल्या सिस्टरने समजावलं. ती नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या मुसलमान घरातली, बोलायला मोकळी. हे जंतू पुष्कळ धडधाकट माणसांच्या नाकात सुखाने राहतात, काही त्रास देत नाहीत. पण हात नाकाला लागतो, तोच हात जखमेला लागतो, आणि आत नवा सांधा असला की जंतू तिथे ठाण मांडतात. म्हणून थोडे दिवस दोन्ही नाकपुड्यांत मलम, औषधी साबणाने आंघोळ, चमकी काढून ठेवायची, आणि मग पुन्हा तपासणी.

अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला. मी काय नाकात बोटं घालून बसते व्हय?”

दवाखान्याजवळ खोली मिळेना. सगळ्या खोल्या क्लासच्या पोरापोरींनी भरलेल्या. शेवटी एका घरात, मेडिकलची तयारी करणाऱ्या मुलींच्या शेजारची खोली मिळाली. मलमासोबतचा इंग्रजी कागद मी अक्कांना मराठीत सांगितला. जंतू नाकात हायत तर नाक का दुखत न्हाई, असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर कागदात नव्हतं.

मलम लावताना त्या पाठ फिरवून बसत. चमकी तशीच होती. आंघोळीच्या वेळी काढते म्हणायच्या. मी घड्याळ बघून आठवण करायची, टॉवेल उकळत्या पाण्यात धुवायची, उशीची खोळ रोज बदलायची. तरी दुसऱ्या तपासणीत जंतू निघालेच. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर सांधा घालण्यात धोका आहे. मला काही उमजेना. मलम खोटं, टॉवेल खोटे, की मीच कुठे चुकत होते?

संध्याकाळी अक्का आपणहून म्हणाल्या, “मलम उजवीकडंच लावलं गं. डावीकडं चमकी हाय.”

मी म्हटलं, अहो अक्का, सिस्टरने काढायला सांगितली होती ना.

“काढली की मग आमचे मालक गेलेच,” त्या म्हणाल्या.

मी जंतूंबद्दल बोलत सुटले. नाक, हात, जखम, सगळं पुन्हा. बोलताबोलता चमकीकडे हात नेला, तर त्यांनी तो बाजूला सारला. “तू नगं. सवाष्ण हायेस. तुझ्या हातानं नगं.”

मी हात मागे घेतला. का घेतला, ते आजही सांगता येत नाही. तुमचे आजोबा लातूरला ठणठणीत होते. चमकीने कुणाला काही होतं, असं मी मानत नव्हते. मग हात का मागे आला?

सकाळी सिस्टरला बाहेर बोलावून हे सारं सांगितलं. ती आत आली, हातमोजे घातले, आणि जंतूंचं नावही काढलं नाही.

“अक्का, मी काढून देते. जखम भरली की परत घालायची. नीट ठेवा, नाहीतर माझ्या नावाने ओरडाल.”

“परत?”

“हौ. दवाखान्यात काढलेलं घरी जाऊन घालायचंच असतं की.”

अक्कांनी मला विचारलं, असं चालतंय का गं. चालतं, मी म्हणाले. मला काय माहीत?

फिरकी घट्ट बसली होती. तेलाचं बोट लावून सिस्टरने ती सोडवली. अक्कांनी डोळे मिटले होते. उघडल्यावर म्हणाल्या, नाक लई हलकं लागायलंय.

त्यानंतर दोन्हीकडे मलम लागलं, तपासणी साफ आली, ऑपरेशन झालं, जखम न पिकता सुकली. हे मलमामुळेच का, म्हणून मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, धोका कमी होतो, एवढंच सांगता येईल. जरा नेमकं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

लातूरला भावकीतल्या बायका भेटायला आल्या. मोकळं नाक बघून एकीने विचारलं, शेवटी काढलीच का? अक्का शांतपणे म्हणाल्या, “नाकात जंतू झालते.” ती बाई हळूच जरा लांब सरकून बसली.

काठीवर चालता यायला लागलं तोवर नाकाचं भोक बुजलं होतं. एका दुपारी अक्का चपला घालून म्हणाल्या, चल, सोनाराकडं. टोचायला लागंल.

विधवा बाई या वयात नाक टोचणार. भावकी काय म्हणेल, नाकाला नवी जखम चालेल का, आधी नांदेडला फोन करावा का? यातलं नेमकं काय म्हणून त्यांना थांबवावं, ते मला ठरवता येईना. तोवर अक्का फाटकाबाहेर पडून, काठी टेकत, कुणाचाही हात न धरता कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. मी कुलूप लावलं आणि त्यांच्या मागे निघाले.