खांदा न विचारणारी कंपनी

गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान आहे. त्याच्या मालकिणीला सगळे दवंडी म्हणतात. तोंडावर नव्हे, तोंडावर सगळे ‘बाई’च म्हणतात. कुणाचं लग्न मोडता मोडता राहिलं, दातांच्या डॉक्टरांची स्वतःची कवळी कुठे हरवली, हे सगळं तिच्या मशीनच्या खडखडाटातून गावभर जातं. बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण तीस वर्षांत एक गोष्ट तिच्या तोंडून कधी निसटली नाही, ती म्हणजे गिऱ्हाइकाचं माप. मापांची जाडजूड वही ती खणात कुलूप लावून ठेवते. एकदा बेकरीवालीने शेजारणीची कंबर किती भरली म्हणून लाडीगोडी लावून पाहिली.

“तिची कंबर तिच्यापाशी,” बाई म्हणाली, “आणि तुझी सांगायला बसले तर टेप पुरायची नाही.”

अशा या बाईकडे एका दुपारी तिची भाची आली. धाकट्या भावाची लेक, वय पंधरा, नाकावर राग, हातात फोन. एरवी आत्याच्या दुकानात यायचं तिच्या अगदी जिवावर येई, कारण तिथे शिंकलं तरी संध्याकाळपर्यंत घरी औषधाची बाटली तयार असायची.

“आत्या, माझी मापं घे ना.”

बाईचा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. या पोरीला मापाला उभी करणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं!

“काय शिवायचंय?”

“शिवायचं काही नाही. नुसती मापं हवीत.”

“जेवण नाही, नुसतेच हात धुवायचे? कशाला?”

पोरगी आधी गुळमुळीत बोलली, मग भडाभडा. कपड्यांची एक ऑनलाइन कंपनी जाहिरातीसाठी नवे चेहरे शोधतेय. हजारो मुलींमधून हिची निवड झालीय. तिथली एक ताई रोज किती गोड बोलते. आज पाचच्या आत फॉर्म भरायचा, नाहीतर नंबर दुसरीला.

खरं सांगायचं तर बाईला आधी आनंदच झाला. आपली पोर जाहिरातीत! सगळ्यात आधी बेकरीवालीला सांगायचं, हेही मनात ठरलं. चष्मा चढवून तिने फॉर्म वाचायला घेतला. खालपर्यंत गेली, पुन्हा वर आली.

“खांदा कुठाय?”

“काय?”

“खांदा गं. बाही, पाठीची लांबी, मुंढ्याचा घेर, बाही जोडायची तर तो नको? यातलं एकही नाही. उंची, वजन, कंबर, आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांतले फोटो. खांदा न विचारता फक्त उशीचा अभ्रा शिवता येतो.”

“तुझं सगळं जुनं आहे आत्या. आता मशीन आपोआप काढतं.”

“काढू दे. विचार तुझ्या त्या ताईला, खांदा शिवणीपासून मोजू की हाडापासून?”

पोरीने तोंड वाकडं करत लिहिलं. उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. ‘त्याची गरज नाही गं. फोटो आधी पाठव. आणि घरी कुणाला बोलू नकोस हं, सरप्राइज राहू दे.’

“शिवणाऱ्याला खांदा नको आणि घरच्यांना पत्ता नको,” बाई म्हणाली. “हा शिंपी नव्हे.”

पोरीने तो मेसेज पुन्हा एकदा वाचला. मग तिने स्वतःहूनच लिहिलं, ‘मी नाही पाठवणार.’

आणि गोड ताईची चाशनी एका क्षणात करपली. ‘तुझा गणवेशातला फोटो आहे आमच्याकडे. शाळाही माहीत आहे. पाचपर्यंत बाकीचे आले नाहीत, तर तो नको ते लिहून शाळाभर पाठवू.’

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.  पोरगी कापडाच्या गठ्ठ्यावरच बसली.

“तो मीच पाठवला होता. आत्या, बाबांना नको ना सांगूस. आणि बाहेरही कुणाला... तू तर...”

वाक्य तिने पुरं केलं नाही, पण उरलेलं बाईला नीट ऐकू आलं. तीस वर्षांची कीर्ती तिला टाचणीसारखी टोचली. तिने खण उघडला आणि मापांची वही काढली.

“हिच्यातलं काही बाहेर गेलेलं ऐकलंयस कधी?”

“नाही.”

“मग तुझं हे हिच्यात गेलं. पण बाबाला सांगायचं. तू सांगायचं, मी शेजारी उभी राहते. तू एकटी पडावीस, यावर तर त्यांची सगळी मदार आहे.”

पोरगी घाईघाईने सगळे मेसेज पुसायला निघाली. बाईने तिचा हात धरला.

“थांब! उसवलं तरी कापड फेकत नाहीत. आधी सगळ्याचे फोटो काढून ठेव, नावासकट. मग तिला दार बंद कर, ते तुमचं ब्लॉक का काय ते. उत्तर एक अक्षरही द्यायचं नाही.”

भाऊ बस चालवतो. पोरीने फोन करून बोलावलं, तशी फेरी संपवून तो तसाच खाकी कपड्यांत दुकानात आला, ऐकता ऐकता लाल झाला आणि ओरडायला तोंड उघडलं.

“आधी पुरतं ऐक,” बाई म्हणाली. “ओरडायचं राहिलं तर मी आठवण करून देईन.”

त्याने ऐकलं. लेकीकडे बघितलं.  ओरडणं राहिलं ते राहिलंच.

“चल,” तो म्हणाला, “चौकीत जाऊ. वाटेत तुझ्या मुख्याध्यापिकांना फोन करतो.”

पाच वाजले तेव्हा तिघं पोलिसांसमोरच्या बाकावर बसली होती. पोरीचे डोळे घड्याळावर, बाईचे पोरीवर. सव्वापाच झाले. हवालदारीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, “या महिन्यातली तू तिसरी. पण वेळेत आलेली पहिली.” फोटो शाळेत कधी पोचलाच नाही, आणि आठवड्याभरात त्या ताईचं खातंही बंद झालं.

खरे हाल पुढे बाईचे झाले. एवढा मोठा ऐवज पोटात, आणि तोंडाला टाका! बेकरीवाली तर रोज हजर.

“चौकीत कशाला गेली होतीस गं?”

“त्यांच्या पँटी सैल करायला.”

तीन आठवडे गेले. बाईने दोन झग्यांच्या बाह्या उलट्या लावल्या. शेवटी भाचीलाच दया आली.

“सांग बाई एकदाची. पण नाव नको, शाळा नको.”

मग काय विचारता! गोष्टीतली मुलगी दुसऱ्या गावची झाली, तिला दोन भाऊ फुटले, आणि तिची आत्या तर एकदम बॅरिस्टर झाली. पण फॉर्ममध्ये न विचारलेला खांदा, पाचची मुदत आणि ‘घरी सांगू नकोस’ या तीन गोष्टींना बाईने कात्री लावली नाही. महिन्याभरात गल्लीतल्या पोरी कुठलाही फॉर्म आला की आधी विचारायला लागल्या, “खांदा मागितलाय का?”

एके दिवशी बेकरीवालीने भाचीलाच दुकानाबाहेर कोपऱ्यात घेतलं. “ती मुलगी कोण गं? तुला माहीत असेल.”

“कोण जाणे मावशी,” पोरगी म्हणाली, “पण तिची आत्या भरवशाची आहे.”

आत मशीन एकदम थांबलं. बाईने नाक पुसलं आणि विचारलं, “कोण शिंकलं गं बाहेर?”