मूठभर कोंड्याचा गेंदा

माझा मुलगा जन्मला तेव्हा स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. त्याच्या आधीची दोन मुलं महिना भरायच्या आत गेली होती. म्हणून हा तिसरा दहा दिवसांचा होईपर्यंत मी कोणाला तो धड बघूही दिला नाही. अकराव्या दिवशी माझी मोठी बहीण आली. नाव ठेवणं हा आत्याचा मान, त्यामुळे तिला अडवता येईना.

तिच्याबद्दल माझ्या मनात संशय होता, आणि त्याला कारण होतं. तिचं सासर बिरसीकडचं, भरपूर धानाचं. मी डोक्यावर टोपली घेऊन मोहफूल विकत फिरायचो तेव्हा एकदा तिच्या दारी गेलो होतो. तिच्या नवऱ्याने मला ओसरीवर चढू दिलं नाही. पायरीखाली उभा राहून मी पाणी प्यालो. बहीण दाराआड होती, पण तिने तोंड उघडलं नाही. पुढे मी गोरेगावच्या बाजारात स्वतःचं दुकान मांडलं, बैलगाडी घेतली, तरी ती पायरी काही डोक्यातून गेली नाही. शिवाय बहिणीला तीन मुली होत्या. मुलगा नव्हता.

नाव मी आधीच ठरवलं होतं. गुलाब. गोंदियात एका व्यापाऱ्याच्या अंगणात मी गुलाबाची झाडं पाहिली होती. त्यांना तारेचं कुंपण होतं, पाणी घालायला माणूस होता. माझा मुलगा तसा वाढावा असं मला वाटे.

"गुलाब?" बहीण म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यात भरते ते फूल! दोन गेले तरी तुले अक्कल नाही आली काय रे?"

"मंग काय ठेवतेस? कचरू?"

"ठेवीन. कचऱ्याले कोणाची नजर नाही लागत."

आमच्याकडे मुलं जगत नसली की अशीच नावं ठेवत. एवढंच नाही, बाळाला सुपात घालून विकत. घेणारी बाई मूठभर धानाचा कोंडा द्यायची, बाळ तिचं व्हायचं, आणि मग आई त्याला दुसऱ्याचं मूल म्हणून पाजायची. यात कोणाला काही वावगं दिसत नसे. मला दिसलं. माझं सारं आयुष्य सौद्यावर उभं होतं. हातावर हात पडला की माल समोरच्याचा, मग तो मागे मागायची सोय नाही. आणि इथे सूप पुढे ओढून कोण बसली होती, तर जिला मुलगा नव्हता ती.

"शेजारची म्हातारी घेईल त्याले," मी म्हणालो.

"काऊन? माझा कोंडा कडू हाय?"

"उद्या तुझा नवरा गाडी जुंपून येईल न्यायले."

"कायले येईल तो? तुझ्यासारखं तिरसट बेणं घरी न्यायले?"

बारशाला जमलेल्या बायका हसल्या. माझं डोकं फिरलं आणि मी ते रिकामं सूप पायाने उडवलं. सुपाला पाय लावणं म्हणजे लक्ष्मीला लाथ मारणं, हे मलाही कळत होतं. तेवढ्यात बाजेवरून माझी बायको बोलली, "बाई, तुम्हीच घ्या त्याले. जगू द्या."

तिच्या आवाजापुढे माझं काही चाललं नाही. पण सौदा मी केलाच. विकतो, पण नाव फुलाचंच पाहिजे. आणि पाच वर्षांनी तेवढ्याच कोंड्यात मूल परत.

बहिणीने सूप उचलून पदराने पुसलं. "फूलच पाहिजे ना? मंग गेंदा ठेव. उकिरड्यावर आपोआप उगवते, कोणी पाणी नाही घालत. अन् दसऱ्याले दारावर तेच लागते."

झेंडूच्या नावात मला खोट काढता येईना, आणि त्यानेच मी जास्त सावध झालो. बाजारात समोरचा इतक्या लवकर मधल्या भावावर आला, की मी माल पुन्हा उपसून बघतो. तिने सुपात कोंडा टाकला, बाळ उचललं, त्याच्या कानाशी वाकली आणि बराच वेळ कुजबुजत राहिली. दोन अक्षरांच्या नावाला इतका वेळ? सगळे जेवायला बसल्यावर मी तो कोंडा फडक्यात बांधून आढ्याला खोचून ठेवला. उद्या वाद नको. तिचाच माल तिला परत.

मुलगा जगला. दर दिवाळीला बहीण यायची, "कुठं हाय माझा पोरगा?" म्हणत. ते ऐकलं की माझ्या अंगाची आग व्हायची. ती त्याला मांडीवर घेऊन बसली की मी दुकानात जायचं टाळायचो.

पाचव्या दिवाळीला ती आपणहून म्हणाली, "घे रे भाऊ, तुझा माल परत." मी आढ्यावरचं फडकं काढून तिच्यापुढे सोडलं. किड्यांनी खाऊन आत नुसता भुगा उरला होता.

"हे काय होय?"

"तुझा कोंडा. तोच."

तिने भुगा चिमटीत घेतला. "पाच वर्षं तू मले चोर समजून राहिला?"

"त्या दिवशी दाराआड काऊन उभी होतीस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

कोणता दिवस, हे तिने विचारलं नाही. म्हणाली, "बाहेर आली असती तं मलेही पायरीखालीच उभं केलं असतं. मंग तुले आतून पाणी कोणी धाडलं असतं?"

मी आत जाऊन ताज्या कोंड्याची मूठ भरून आणली. तिने ती निरखून पाहिली. "तवाची मूठ मोठी होती, भाऊ."

मी शिवी हासडली आणि अख्खं सूप भरून तिच्यापुढे आदळलं. तिने तळहाताने कोंडा सारखा केला, सूप मांडीशी घेतलं आणि म्हणाली, "गेंदा, जा आपल्या बापापाशी."

पोरगा आधी तिच्या पाया पडला, मग माझ्याकडे आला. मुठीच्या जागी सूप, म्हणजे फसलो मीच. ती निघाली तेव्हा मी तिला विचारलं, त्या दिवशी कानात काय सांगितलं होतंस? "नाव," ती म्हणाली. मी ते अजून मानलेलं नाही.